नमुना अठरा

प्रेमदास भोयर फाटक ढकलून आत आला तेव्हा हरिभाऊ वैरागडे पेपरातला अग्रलेख मोठ्याने वाचत होते. सिंदी रेल्वे या गावातल्या त्या गल्लीत अग्रलेख मोठ्याने वाचणारं हे एकच घर. बाकीची घरं तो, इच्छा असो वा नसो, भिंतीपलीकडून ऐकत. स्टेशनच्या मालधक्क्यावर पस्तीस वर्षं कारकुनी करून हरिभाऊ निवृत्त झाले होते, आणि तेव्हापासून गल्लीतला कोणाचाही अर्ज, तक्रार किंवा विम्याचा कागद त्यांच्या चष्म्याखालून गेल्याशिवाय पुढे सरकत नसे.

प्रेमदास चाळिशीचा. गावात शिकवणी वर्ग चालवायचा आणि निवडणूक कोणतीही असो, कोणाच्या तरी बाजूनं फिरायचा. आज त्याच्या काखेत फॉर्मांचा गठ्ठा होता.

"काका, पदवीधर मतदारसंघाची यादी नव्यानं होऊन राह्यली. मागची चालत नाई. हा नमुना अठरा भरा, मी नेऊन देतो."

हरिभाऊंनी पेपर खाली ठेवला. असा विषय आयता दारात चालून येणं वर्षातून एखाद्याच वेळी घडतं. विधान परिषद म्हणजे वरचं सभागृह, तिथे पदवीधरांचा वेगळा आमदार असतो, नागपूर विभागाच्या सहा जिल्ह्यांतून मिळून एकच, सहा वर्षांसाठी, आणि ते मत शिक्का मारून नव्हे तर पसंतीक्रमाचे आकडे लिहून द्यायचं असतं, हे सगळं त्यांनी प्रेमदासला समजावून सांगितलं. प्रेमदास हेच सांगायला आला होता, पण त्यानं ऐकून घेतलं. चहा यायचा होता.

"बराबर आहे काका. आता फक्त डिग्रीची झेरॉक्स द्या."

हरिभाऊंनी पेपराची चौपदरी घडी केली. मग आणखी एक केली.

"मी मॅट्रिक आहो," ते म्हणाले. "फर्स्ट क्लास."

प्रेमदासनं गठ्ठा या काखेतून त्या काखेत घेतला. हरिभाऊ पदवीधर आहेत की नाहीत हे विचारायची वेळ आजवर कोणावर आली नव्हती. तेवढ्यात शरयूबाई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या.

"मी आहो बी.ए. मले दे तो फॉर्म."

"काकू, तुम्ही?"

प्रेमदासच्या मनात काही वाईट नव्हतं. पण त्या 'तुम्ही'च्या शेवटी जे प्रश्नचिन्ह होतं ते शरयूबाईंना अगदी स्पष्ट ऐकू आलं. तरीही त्या गप्प बसल्या असत्या. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी याहून मोठी प्रश्नचिन्हं गिळली होती. पण हरिभाऊ वळून म्हणाले, "अवं, पूर्ण झालतं का तुझं बी.ए.?"

शरयूबाईंनी ट्रे टेबलावर ठेवला, पदराला हात पुसले, गठ्ठ्यातला सर्वांत वरचा फॉर्म उचलला आणि आत निघून गेल्या. त्या दिवशी जेवणात आंबाडीची भाजी होती, आणि नुसती आंबाडीचीच होती.

गुणपत्रिका सापडायला दोन दिवस लागले. मुलीच्या, स्वरदाच्या, लसीकरणाच्या कार्डाबरोबर एका पाकिटात ती निघाली, डांबरगोळीच्या वासानं भरलेली. बी.ए. अंतिम वर्ष, द्वितीय श्रेणी, इतिहासात एकाहत्तर. शरयूबाईंनी ती पोळपाटावर ठेवून लाटण्यानं सपाट केली आणि प्रेमदासला बोलावलं.

प्रेमदासनं वाचलं. "काकू, ही नलू कोण आहे?"

गुणपत्रिकेवर नाव होतं, कु. नलू तानबाजी लोखंडे. आधार कार्डावर होतं, शरयू हरिभाऊ वैरागडे. शेवटचा 'डे' सोडला तर दोन्ही नावांत सारखं असं एक अक्षर नव्हतं. लग्नात हरिभाऊंनी ताटातल्या तांदळात अंगठीनं 'शरयू' असं लिहिलं होतं. त्यांनी हे नाव कुठेतरी वाचलं होतं आणि तेव्हापासून मनात धरून ठेवलं होतं. ते तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजले. नाव राहिलं.

"मीच नलू," शरयूबाई म्हणाल्या.

"ते मले पटते काकू. पण तहसीलच्या साहेबाले पटलं पाह्यजे."

संध्याकाळपर्यंत गल्लीला बातमी कळली आणि सल्ल्यांना सुरुवात झाली. शेजारचे हेमराज उईके वनखात्यात हेडक्लार्क होते. जगातल्या कुठल्याही दुखण्यावर त्यांच्याकडे एकच औषध असे, गॅझेट. "गॅझेटमधी नाव छापून आलं की विषय संपला," ते म्हणाले. किती दिवस लागतील असं विचारल्यावर त्यांनी आकाशाकडे पाहिलं. समोरच्या ज्योत्स्नाताई शाळेत शिकवायच्या. त्यांनी पेपरात जाहीर निवेदन द्यायला सांगितलं, म्हणजे खऱ्या नलूला हरकत असेल तर ती पंधरा दिवसांत घेईल. खरी नलू समोर बसून त्यांना चिवडा वाढत होती, ही गोष्ट ज्योत्स्नाताईंच्या लक्षात आली नाही. स्वरदा पुण्याहून फोनवर म्हणाली, "आई, ऑनलाइन भर ना, दोन मिनिटांचं काम." ऑनलाइन भरायला घेतलं. यंत्रानंही पहिला प्रश्न नावाचाच विचारला.

या सगळ्यात हरिभाऊ फार दुखावले होते. गल्लीला सल्ला देण्याचं खातं त्यांचं, आणि त्यांच्याच घरात उईके येऊन सल्ला देऊन जात होते.

"राहू दे ना आता," ते म्हणाले. "सहा जिल्ह्यात लाखानं मतं आहेत. तुह्या एका मतानं का होते?"

"एका मतानं काही होत नाई, तं मंग तुमी दर निवडणुकीत साडेसहाले रांगेत काऊन लागता?"

हरिभाऊंनी अग्रलेखाचं पान पुन्हा उघडलं.

दुसऱ्या दिवशी दोघं सेलूच्या तहसील कचेरीत गेले. रांग होती, रांगेत पुढे एक तरुण होता, त्याच्याकडे तीन डिग्र्या होत्या आणि तिन्हींवर एकच नाव होतं. शरयूबाईंना त्याचा हेवा वाटला. खिडकीत रीना नावाच्या लिपिक मॅडम होत्या, तिशीच्या, सकाळपासून शंभर फॉर्म पाहिलेल्या आणि तरीही आवाज न चढवणाऱ्या.

"काकू, कागद खोटा आहे असं मी म्हणत नाई," त्या म्हणाल्या. "पण कागदावरची बाई आणि माझ्यासमोरची बाई एकच आहे, हे मी कशावरून लिहू? विवाह नोंदणीचा दाखला आहे?"

लग्न शहाऐंशी सालचं. त्या काळी शरयूबाईंच्या माहेरी, अल्लीपुरात, लग्नं लागत, जेवणावळी होत, रुसवेफुगवे होत. नोंदणी मात्र कोणी करत नसे.

"मग शपथपत्र करा. तुम्हाला दोन्ही नावांनी ओळखणारे दोन साक्षीदार आणा, आणि लग्नाचा काही पुरावा असला तर जोडा. पत्रिका, फोटो, काहीही. सहा तारखेपर्यंत. सात तारखेला आणलं तर माझ्या हातात काही राहणार नाही."

"चारच दिवस आहेत," हरिभाऊ बाहेर येऊन म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात सुटकेची आशा होती. "काही जमत नाई चार दिवसात."

"अल्लीपूरची बस किती वाजता आहे?" शरयूबाईंनी विचारलं.

वर्ध्यापर्यंत पॅसेंजर आणि तिथून एसटी, असं करून दोघं दुपारी अल्लीपूरला पोहोचले. भाऊ रत्नदीप अंगणात सोयाबीन वाळवत होता. बहीण दिवाळीची ओवाळणी नेऊन दहा दिवस झाले नाहीत तोच पुन्हा दारात, त्यातही भाऊजींना घेऊन, हे पाहून तो घाबरलाच.

"का झालं बाई? तब्येत बरी आहे ना?"

"मले माह्यी लग्नपत्रिका पाह्यजे."

रत्नदीपनं भाऊजींकडे पाहिलं. हरिभाऊंनी मान हलवली. त्या हलण्यातून कोणताही अर्थ निघत नव्हता. तासाभरानं माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात, वडिलांच्या जुन्या सातबाऱ्यांखाली, पत्रिका सापडली. हळदीची बोटं अजून कोपऱ्यांवर होती. शरयूबाईंनी ती उघडली आणि उजेडात धरली.

पत्रिकेत छापलं होतं, 'चि. सौ. कां. नलिनी'.

"बाबानं छापलं," रत्नदीप ओशाळून म्हणाला. "नलू हे नाव छापील कागदावर हलकं दिसते म्हणे."

"म्हणजे डिग्री नलूची, लग्न नलिनीचं, आणि घरात राहून राह्यली शरयू," हरिभाऊ म्हणाले. "मले कोणी सांगता का, मी नेमकं कोणाशी लग्न केलं?"

लग्नाचा फोटोही निघाला. त्यात हरिभाऊ स्पष्ट होते, बँडवाला स्पष्ट होता, मांडवाच्या खांबाला टेकलेली एक शेळीसुद्धा स्पष्ट होती. वधूच्या चेहऱ्यावर मात्र मुंडावळ्या आणि शालू यांचा असा पडदा होता की आत नलू, नलिनी किंवा बँडवाल्याचा भाऊ, कोणीही असू शकलं असतं.

शरयूबाईंनी फोटो बाजूला ठेवला. साक्षीदार म्हणून भाऊ एक झाला. दुसरा कोण, हे त्यांना बसमध्ये बसल्यापासून ठाऊक होतं, पण तिकडे जायला पाय उचलत नव्हता. शेवटी त्या उठल्या आणि गावाच्या टोकाला धुरपता मसरामच्या घरी एकट्याच गेल्या.

धुरपता आणि नलू तीन वर्षं एकाच एसटीनं हिंगणघाटच्या कॉलेजात जात. दोघींत मिळून इतिहासाच्या नोट्सची एकच वही. सकाळच्या बसमध्ये पहिली अर्धी नलू वाचायची, परतीच्या बसमध्ये दुसरी अर्धी धुरपता. निकालानंतर नलूचं लग्न झालं. धुरपता अंगणवाडी सेविका झाली, गोंडी बोलणाऱ्या पोरांना मराठी आणि मराठी बोलणाऱ्या पोरांना थोडी गोंडी शिकवत निवृत्त झाली. लग्नानंतर शरयूबाई माहेरी येत, दोन दिवस राहत, तिसऱ्या दिवशी परत जात. त्या दोन दिवसांत गावाच्या टोकापर्यंत जाणं काही झालं नव्हतं. असं करता करता किती वर्षं गेली, हे त्यांनी आज वाटेत मोजायचं टाळलं.

धुरपता ओट्यावर बसून तूर पाखडत होती. वर बघून तिनं सूप खाली ठेवलं.

"नले!"

या नावानं इतक्या वर्षांत कोणी हाक मारली नव्हती. शरयूबाई ओट्यावर तिच्याशेजारी बसल्या. मग त्यांनी येण्याचं कारण सांगितलं, नमुना अठरा, रीना मॅडम, साक्षीदार, सगळं.

"म्हणजे तू आता नाव टाकून राह्यली?" धुरपता म्हणाली. "मी चार वेळा मत देऊन आली, बाई. दर वेळी यादी नवीन होते, दर वेळी फॉर्म भरते. आणि यादी लागली की पह्यले लोखंडे शोधते. वाटे, नलू टाकंल नाव एखाद्या वेळी. एकदा तं सेलू तालुक्याची यादी बी मागून पाह्यली, तू तिकडं दिली म्हणून. वैरागड्यात शोधावं, हे काही डोक्यात नाई आलं."

चार निवडणुका म्हणजे चोवीस वर्षं. तेवढ्या वर्षांत आपली पदवी लसीकरणाच्या कार्डाखाली होती, आणि ही आपल्याला सरकारी यादीत शोधत होती.

"सहा तारखेले येशील?" त्यांनी विचारलं.

"काऊन नाई येनार? तुह्या इतिहासाच्या एकाहत्तर मार्कांत माह्ये निदान वीस आहेत."

सहा तारखेला सकाळी तहसीलबाहेरच्या लिंबाखाली सगळे जमले. केळझरच्या गणपतीला मनातल्या मनात हात जोडून हरिभाऊंनी शपथपत्राचं काम स्वतःच्या अंगावर घेतलं. कागदपत्रांत आपला हात कोणी धरू शकत नाही, ही त्यांची समजूत अजून शाबूत होती, आणि ती आज पुन्हा सिद्ध होणार होती. टायपिस्टनं संगणकात तयार असलेला जुना मजकूर काढला, नावं बदलली, कागद छापला. हरिभाऊंनी उभ्या उभ्या वाचून सांगितलं, "भाषा उत्तम आहे. करा सही."

शरयूबाई सही करायला वाकल्या आणि थांबल्या. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं, 'सदर नलू तानबाजी लोखंडे ही मयत झाली असून मी, शरयू हरिभाऊ वैरागडे, तिची एकमेव कायदेशीर वारस आहे.'

त्यांनी ते मोठ्याने वाचलं. अग्रलेखाच्या आवाजात.

रत्नदीप "अगं आई" म्हणून मटकन बाकावर बसला. धुरपताला हसू आवरेना. "नले, मेली का तू? आणि मले कळवलं बी नाई!" टायपिस्ट म्हणाला की वारसाच्या शपथपत्राचा मजकूर चुकून राहिला, आत्ता बदलतो. तो बदलायला बसला आणि वीज गेली.

वीज पावणेतीनला आली. तोवर हरिभाऊ लिंबाच्या दुसऱ्या बाजूला, सगळ्यांकडे पाठ करून, उभे होते. पस्तीस वर्षं मालाच्या पावत्या वाचलेल्या माणसानं स्वतःच्या बायकोला लेखी मारून टाकलं होतं, आणि तेही उत्तम भाषेत. शरयूबाई डब्यातली पोळी घेऊन त्यांच्याकडे गेल्या.

"खाऊन घ्या."

"मले दिसलंच नाई ते."

"असू द्या. नलू मेली असं तुमाले आज नाई, शहाऐंशीपासूनच वाटून राह्यलं होतं."

त्या हे रागानं म्हणाल्या नाहीत. हरिभाऊंनी पोळी संपवली आणि डबा पुसून परत दिला. त्यानंतर ते टायपिस्टच्या मागे जाऊन बसले आणि एकेक शब्द बोटानं दाखवत नवा मजकूर स्वतः सांगू लागले. 'नलू, नलिनी व शरयू ही एकाच व्यक्तीची नावे असून सदर व्यक्ती हयात आहे.' 'हयात' त्यांनी दोनदा तपासलं.

तहसीलच्या साहेबांपुढे शपथ झाली. रत्नदीपला विचारलं, "यांचं नाव काय?" तो घाबरून म्हणाला, "बाई." धुरपतानं त्याच्या बरगडीत कोपर मारला आणि तिन्ही नावं क्रमानं सांगितली, वर नलूचा बी.ए.चा परीक्षा क्रमांकही सांगितला. पाच वाजून दहा मिनिटांनी रीना मॅडमनी फॉर्मवर शिक्का मारला आणि पोचपावती फाडून दिली.

"काकू, आज आलेल्या फॉर्मांत सर्वांत जास्त कागद तुमचे आहेत," त्या म्हणाल्या.

"बायांचे जास्तच लागतात," धुरपता म्हणाली. रीना मॅडम एकदम हसल्या. मग त्यांनी हळूच सांगितलं की त्यांच्या स्वतःच्या फॉर्मलाही दोन दाखले जोडावे लागले होते.

यादी लागली तेव्हा त्यात वैरागडे शरयू हरिभाऊ हे नाव होतं, छापील आणि बिनचूक. धुरपतानं फोन करून सांगितलं की तिनं ते आधीच शोधून काढलं आहे, या वेळी 'व' पासून सुरुवात केली होती.

निवडणूक जवळ आली तशी गल्लीत वर्दळ वाढली. एके दिवशी प्रेमदास आपल्या उमेदवार साहेबांनाच घेऊन आला. साहेब खुर्चीत बसले, हरिभाऊंचा हात हातात घेतला आणि पदवीधरांच्या प्रश्नांवर बोलू लागले. हरिभाऊंनी चार मिनिटं ऐकलं. हे त्यांच्या दृष्टीनं फार होतं.

"साहेब, हे मले कायले सांगता?" ते शेवटी म्हणाले. "मी मतदार नाई. मतदार ह्या आहेत." आणि उठून त्यांनी स्वतःची खुर्ची शरयूबाईंना दिली.

साहेबांनी हसून नमस्कार केला. शरयूबाईंनी एक कोरी वही उघडली. "डिग्री घेतलेली पोरं इथं स्टेशनच्या बाकावर बसून परीक्षेचा अभ्यास करतात. बाहेर गाडीचा भोंगा, आत पुस्तक. त्यायच्यासाठी तुमी परिषदेत का बोलाल?"

"नक्की विचार करू आपण, ताई."

"विचार तुमी घरी करा. बोलाल का, ते सांगा. मी लिहून घेते."

साहेबांना पुढच्या गावी सभा होती. शरयूबाईंनी त्यांच्या नावापुढे 'विचार करणार' असं लिहिलं. त्यानंतर जो जो उमेदवार किंवा त्याचा माणूस आला त्याला हाच प्रश्न विचारला गेला, आणि जे आलेच नाहीत त्यांना त्यांनी फोन केले. एकोणीस उमेदवारांपैकी अकरा जणांची उत्तरं वहीत जमा झाली. ज्योत्स्नाताई वही वाचायला घेऊन गेल्या. उईकेंनी ती गॅझेटमध्ये द्यावी असं सुचवलं.

मतदान थंडीत होतं. शरयूबाई इरकली साडी नेसून केंद्रात शिरल्या. अधिकाऱ्यानं हातभर लांब मतपत्रिका आणि जांभळ्या शाईचा पेन दिला. त्या आडोशाला गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. रांगेत मागे कुजबुज सुरू झाली तेव्हा अधिकाऱ्यानं हाक मारली.

"काकू, झालं का? नुसता एक आकडा लिहिला तरी चालते."

"मले माहीत आहे," आडोशामागून आवाज आला. "पण उभे एकोणीस जण आहेत. सहा वर्षांचं काम आहे, थांबा जरा."

बाहेर, शंभर मीटरच्या चुन्याच्या रेषेपलीकडे, हरिभाऊ त्यांची पिशवी धरून उभे होते. आजवरच्या प्रत्येक निवडणुकीत दोघं बरोबर मत द्यायला गेले होते आणि येताना हरिभाऊंनी विचारण्याचा प्रश्नच नसे, कारण जाताना त्यांनीच सांगितलेलं असे.

"कोणाले दिला एक नंबर?" त्यांनी विचारलं.

"मतदान गुप्त असते."

दोघं रेल्वे फाटकापर्यंत आले. मालगाडी जाईपर्यंत थांबावं लागलं, तेव्हा हरिभाऊ म्हणाले, "बरं, दोन नंबर?"

शरयूबाईंनी नकारार्थी मान हलवली. मालगाडी लांब होती. शेवटचा डबा गेला तरी हरिभाऊ जागचे हलेनात.

"शेवटचा तरी सांग. एकोणीस नंबर कोणाले?"

हे सांगायला हरकत नव्हती, असं शरयूबाईंना वाटलं. "प्रेमदासच्या साहेबाले."

"अवं! पण फॉर्म तं त्याच्याच माणसानं आणून दिलता तुले!"

"म्हणून तं नंबर दिला," शरयूबाई रूळ ओलांडत म्हणाल्या. "नाई तं कोरा सोडला असता."